सोडलेली गोळी

आमी जावा काशीले गेलो होतो तवा मी वांगं सोडलं. माहं जीव की प्रान वांगं! तिथं आवडते तेच सोडा लागते, म्हनून सोडलं. माह्या मोठ्या जाऊबाईनं कारलं सोडलं. जन्मात कधी तोंडात घातलं नाई, ते कारलं! येताना गाडीत मी हासली, ती बी हासली. तवाच उमजाले पायजे होतं मले. पन भोळ्याचं कसं असते, हासून मोकळं होते.

आमी किन्हीराजा गावच्या. दोघींची घरं एकमेकीले लागून, मधात एकच भिंत. बीपी दोघीले बी. सरकारी दवाखान्यातून दोघीले सारखाच गोळ्यांचा पत्ता मिळे. सकाळचा चहा झाला का ती भिंतीवरून इचारे, "घेतली काय वं?" मी म्हनो, "घेतली, बाई."

मंग एक दिवस तिनं मालेगावच्या बाजारातून बिटाच्या पावडरचा डबा आनला. बचत गटात कोन्या बाईनं सांगतलं होतं म्हने, का बिटात नायट्रेट असते, त्यानं रगताच्या नसा सैल होते, म्हातारपनी बी पाय चालते, दम लागत नाई. झालं! रोज सकाळी दोघी बिटाचं पानी पेत होतो. चव अशी, का ओली मातीच चाटून राह्यलो. पयल्या दिवशी मोरीत लघवी लाल पाह्यली अन् मी बोंबच ठोकली. "अवं बीट हाय ते, मरत नाईस!" म्हनून जाऊबाई पोट धरून हासली. खोटं कायले बोलू, मले बरं वाटत होतं. वावरात जाताना मधात बसा लागत नोतं.

तिथंच थांबलो असतो तं काई बिघडलं नसतं. पन ती म्हने, "आता गोळी कायले? काशीत सोडतात तशी सोडून देऊ. दोन दगडांवर पाय ठेवला का मानूस पडते." देव्हाऱ्यापुढं बसून दोघीनं हातावर पानी घेतलं अन् गोळी सोडली. आमच्यात असं सोडलेलं परत धरत नाई, पाप लागते. मी माह्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. तिनं आपल्या पदरात बांधल्या. म्हने, नदीत सोडीन.

काई दिवसानं डोकं ठनकाले लागलं. भिंतीवरून म्हटलं, "बाई, लई दुखून राह्यलं. एखादी गोळी घेऊ काय?"

"सोडलं ते सोडलं. मी घेतली काय? पाह्य माह्याकडं, कशी ठनठनीत हाय!"

पाह्यलं. ठनठनीतच होती, माय!

एका सकाळी भाकर थापता थापता उजवा हात परातीत पडला. उचलतच नोता. सुनेले हाक माराले गेली तं तोंड वाकडं. पोरानं गाडी करून वाशीमले नेलं. डॉक्टर म्हने, "आजी, बीट खा ना, कोण नको म्हणतंय? पण गोळी का सोडली?" त्याले काय सांगू? देवापुढं पानी सोडलं म्हनून?

दवाखान्यात जाऊबाईच माह्यापाशी राह्यली. रडली बी खूप. सकाळी चहा आला. मी डोळे मिटून पडली होती. तिले वाटलं, मले झोप लागली. तिनं हळूच पदराची गाठ सोडली, पत्त्यातून गोळी काहाडली अन् चहासंगं गिळली. तोच पत्ता. म्या ओळखला.

जीभ जड होती, तरी इचारलं, "कवापासून?"

चहा सांडला तिचा. "दुसऱ्याच दिवसापासून. भेव लागलं वं मले. तुले सांगाची लाज वाटली."

"अन् माहं डोकं ठनकत होतं तवा?"

ती खाली वाकून सांडलेला चहा पुसाले लागली.

"तू मारलं मले," मी म्हटलं. लगन होऊन आली तवापासून तिले 'तुमी'च म्हनत होती, त्या दिवशी पयल्यांदा 'तू' म्हटलं. अवं, भेव कोनाले लागत नाई? भ्याली, गोळी घेतली, चांगलं केलं. पन भिंतीपल्याडून एक शबुद? 'तू बी घे' एवढाच? तो बी नाई निघाला तिच्या तोंडातून. माह्या हातापेक्षा तेच जास्त दुखते मले. मरेपर्यंत दुखीन.

आता घरी हावो. हात थोडासा उचलते, बोटं आयकत नाई. भाकर सून थापते, अन् उजाडायच्या आत वावरात जाते. एका हातानं गोळ्यांचा पत्ता फुटत नाई. म्हनून रोज सकाळी जाऊबाईच येते. मी तिच्यासंगं बोलत नाई. ती पत्ता फोडते, माह्या डाव्या हातावर गोळी ठेवते, मंग आपल्या पदराची गाठ सोडते.

मी अगोदर तिची गोळी तिच्या पोटात जाताना पाह्यते, मंगच माही तोंडात टाकते.