पिल्लीरान्नाची शांतता-राखणदार

हेल्वेला बोलायची सवय होती, आणि आमच्या बेटावर ही सवय दारूपेक्षा वाईट समजली जाते. इथे शेजारी शेजाऱ्याला मान हलवून भेटतो आणि मान हलवूनच निरोप घेतो. तिचा नवरा ह्यूगो तर इतका अबोल, की तो गेला तेव्हा प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबांना त्याचं एकही वाक्य सांगता येईना. शेवटी त्यांनी त्याच्या होडीबद्दल चार चांगले शब्द काढले.

नवऱ्याची कसर हेल्वे गावच्या दुकानात गल्ल्यावर बसून भरून काढायची. काळा पाव हवा असेल तर आधी तिच्या गुडघ्याची हकीकत ऐकावी लागे. मग दुकान बंद झालं आणि बाई घरात एकटी पडली. गप्पांत अडकायला नको म्हणून टपालवालीने तिची टपालपेटी फाटकापासून काढून पार हमरस्त्याच्या वळणावर नेऊन ठोकली, हे तिच्या लक्षात आलं. पण ती काही बोलली नाही. आम्हाला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

त्याच वर्षी पंचायतीवर राइवो निवडून आला. राजधानीत, टालिनला राहून आलेला, हुशार पोरगा. आमच्या पिल्लीरान्ना किनाऱ्याला ना रस्ता, ना धक्का, ना संडास. समुद्र असा उथळ, की पोहायचं म्हणून निघालेला माणूस कंटाळून परत येतो, गुडघ्यापर्यंतच ओला. आधीचे सगळे अध्यक्ष याची लाज बाळगून होते. राइवो म्हणाला, जे नाही तीच आपली संपत्ती. लोकांना विकास न झालेला किनारा हवा आहे. आपण तो तयार करू.

मी पंचायतीचा सदस्य आहे, तेव्हा हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. किनारा अस्पर्श राहावा म्हणून वरून निधी आला. त्यातून गाड्या लावायला जागा झाली, ज्युनिपरची झुडपं तोडून लाकडी वाट झाली आणि स्वागताची कमान उभी राहिली. संडास तेवढा झाला नाही, कारण तो विकासात मोडतो असं ठरलं. आणि उन्हाळ्यापुरतं एक पद निघालं: शांतता-राखणदार.

अर्ज एकटीचाच आला. मुलाखतीत राइवोने विचारलं, किनाऱ्यावर कोणी गडबड केली तर काय कराल? हेल्वेने उत्तर सुरू केलं आणि आमची कॉफी गार झाली. दुसरा उमेदवार नव्हता. मी हात वर केला, बाकीच्यांनीही केला. जेवायची वेळ झाली होती.

तिला पिवळं जाकीट मिळालं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे टालिनचं एक जोडपं. वाळूवर चादर टाकून दोघं गुपचूप पडली होती. हेल्वे त्यांच्या शेजारी बसली आणि इथे बोलायला मनाई आहे हे तिने त्यांना समजावून सांगितलं. का मनाई आहे तेही सांगितलं. मग इथली शांतता पूर्वी कशी होती, आता कशी राहिली नाही, तिच्या कमरेचं ऑपरेशन, डॉक्टरची बायको, सगळं ओघाने आलं. जोडपं उठून लांबच्या खडकांमागे गेलं. तिकडे जाऊन ही दोघं गडबड करतील अशी शंका आली म्हणून हेल्वेही मागोमाग गेली. जाताना धुरावलेला मासा घेऊन गेली, म्हणजे मनात काही वाईट नव्हतं.

किनाऱ्याच्या टोकाला एक उपडी होडी आहे. बायको वारल्यापासून म्हातारा कोळी एल्मार दुपारभर तिला टेकून बसतो. त्याच्याकडून शांततेला काहीच धोका नव्हता, तरी हेल्वे रोज त्याच्याकडे फेरी मारायची. ती बसली की तो कानातलं यंत्र काढायचा आणि तिच्यादेखत शर्टाच्या खिशात ठेवायचा. मी एकदा तिला म्हटलं, अगं, त्याला ऐकायचं नाहीये. तिचं म्हणणं असं, की कान त्याचे आहेत, त्यांचं काय करायचं ते तो बघेल. तोंड तिचं आहे.

तक्रारी येऊ लागल्या. एका जर्मन बाईंनी लिहिलं, की बर्लिनच्या चौकात यापेक्षा जास्त विश्रांती मिळते. तेव्हा राइवो स्वतः तपासणीला निघाला. काळा चष्मा, डोक्यावर टोपी, अंगाखाली टॉवेल, अगदी प्रवासी. हेल्वे आली, बसली आणि त्याला पंचायतीच्या अध्यक्षाबद्दल सांगू लागली. लहानपणी तो दुकानातून गोळ्या कशा उचलायचा, आठवीत गणितात कसा आपटला, त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आई दुकानात येऊन कशी रडली. राइवोने बराच वेळ सोसलं. मग चष्मा काढला.

"हेल्वेबाई, मी राइवो आहे."

"माहीत आहे रे. परक्या माणसाला मी हे सगळं सांगेन होय?"

दुसऱ्या दिवशी तिचं जाकीट काढून घेतलं. तिच्या जागी पाच भाषांत शांततेची विनंती करणारा फलक लागला. प्रवासी तो एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवू लागले.

किनाऱ्यावरून चालायचा हक्क आमच्याकडे कायद्यानेच सगळ्यांना आहे, तेव्हा हेल्वेला कोणी अडवलं नसतं. पण ती आलीच नाही. बटाट्याच्या वाफ्यात बसलेली दिसायची. मी कुंपणापाशी थांबलो की फक्त मान हलवायची, अगदी आमच्यासारखी. बघवत नव्हतं.

आठवडा असाच गेला, आणि मग एल्मार काठी टेकत गावात आला. बायकोच्या अंत्यविधीनंतर तो गावात आला नव्हता. मी तेव्हा हेल्वेच्या छपराची पन्हाळ दुरुस्त करत शिडीवर होतो, म्हणून ऐकलं. तो फाटकापाशी थांबला, खिशातून यंत्र काढून त्याने नीट कानात बसवलं आणि म्हणाला, "येत का नाहीस?"

"काढलं मला. फार बोलते म्हणून."

"मला झोप लागत नाही तिथे." काठी फाटकाला टेकवून तो पुढे म्हणाला, "यंत्र काढलं की नुसतं गुणगुणणं ऐकू येतं तुझं. घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

हेल्वे चपला न बदलता, मातीच्या हातांनीच त्याच्यामागून निघाली. समुद्र येईपर्यंत ती काही बोलली असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर ती रोज होडीपाशी बसू लागली. तो यंत्र काढून झोपायचा, ती बोलायची. प्रवाशांना तिचा लौकिक कळला होता. ते त्या टोकाकडे फिरकत नसत, आणि तीही म्हाताऱ्याला सोडून कुठे जात नसे. उरलेल्या किनाऱ्यावर अशी शांतता पसरली, की त्या जर्मन बाईंनीसुद्धा दुसरं पत्र लिहिलं. शांततेच्या जतनाबद्दल राइवोला बक्षीस मिळालं, आणि टालिनच्या एका परिषदेत तो शांतता या विषयावर तासभर बोलला.

ऑक्टोबरात, वारा सुटायच्या आधी, हेल्वेने आपल्या कोंबड्या एल्मारच्या अंगणात हलवल्या. त्याने जुन्या जाळ्यांचं कुंपण घातलं, समुद्राच्या बाजूने फळ्या ठोकल्या. मी अंडी तिथूनच आणतो. मात्र जायचं असलं की दुपारचं दुसरं काही काम ठेवत नाही.