उशिराचं कारण

भाऊबंदांशी चाललेला विहिरीच्या वाट्याचा खटला हरलो, त्या दुपारी आम्ही नवराबायको ओसरीवर वाल सोलत बसलो. "अपील करायचं," ती म्हणाली. संध्याकाळी ती गेली.

तेरावा उरकल्यावरही कोर्टात निघालो की आतून तिचा आवाज येई, "थांबा हो, मीबी येते." मी दारात थांबे, एस.टी. निघून जाई. अशी अपिलाची मुदत सरली.

उशीर माफ करायचा अर्ज लिहिताना वकील म्हणाले, "आबा, तेराव्यापर्यंत सुतकाचं कारण चालेल. पुढच्या उशिराला काय कारण लिहू?"

"पुढंही ती मेलेलीच होती."

त्यांनी लिहिलं, अर्जदार आजारी होता. नाहीतर अपील घेणार नाहीत, विहीर जाईल, म्हणाले. मी सही केली. रडायला मुदत असते, हे कोर्टाला ठाऊक, भाऊबंदांनाही, मलाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन ते खोडायला लावलं. म्हटलं, धडधाकट होतो, बायकोची वाट बघत होतो, तेवढंच लिहा.