बॉनेटला पाडलेली दोन भोकं

किस्से जमवावे लागत नाहीत. एका गाडीभोवती चार माणसं उभी करा आणि बॉनेट उघडा. प्रत्येकाला अक्कल फुटते आणि किस्से आपोआप साठतात. तीन महिन्यांसाठी जपानला मुलाकडे आलो, तर माझ्याकडे इतके साठले.

मुलगा सुहास कॉम्प्युटरवाला. ओजिमात सहाव्या मजल्यावर राहतो. मी चौथीपर्यंत शिकलो, चाळीस वर्षं भोसरीत डेंटिंग केलं. रिकामं बसणं मला जमत नाही. सकाळी स्टेशनपर्यंत जायचो, परत यायचो, मग घरात येरझाऱ्या घालायचो. शेवटी सून मृणाल म्हणाली, "बाबा, तुमच्या चालण्याने खालचे लोक तक्रार करतील!"

सुहासने एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. आधीच्या मालकाने तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलेलं. आवाज वाघाचा, पण चढ आला की उकळायची. मी आल्यावर पहिल्याच सहलीला हाकोनेच्या घाटात बंद पडली. तीन तास रस्त्याकडेला. डब्यातली थालीपिठं गार दगड झाली.

मृणालने ती तशीच खाल्ली आणि एवढंच म्हणाली, "पुन्हा एकदा उकळली की विकायची."

सुहासचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "बॉनेटला भोकं पाडू. गरम हवेला वाट दिली की झालं."

*

योकोहामाच्या बाहेर ओगाता-सान यांचं छोटं गॅरेज आहे. वय शहात्तर, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. मला वरपासून खालपर्यंत बघून काहीतरी बोलले. सुहास म्हणाला, "बाबा, ते विचारतायत, पत्रा कापायचा अनुभव आहे का?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, हे जेवढे नट आवळून बसलेत, तेवढे दरवाजे मी ठोकून सरळ केलेत!"

सुहास चांगला मिनिटभर बोलला. दोनदा कमरेत वाकला. ओगाता-सानही वाकले.

"एवढं काय सांगितलंस?"

"तुमच्या वतीने माफी मागितली."

*

मग सुरू झाली परीक्षा. पहिल्या शनिवारी पुठ्ठा कापायला दिला. दुसऱ्या शनिवारीही पुठ्ठा. मी! पुठ्ठा! तिसऱ्या शनिवारी भंगारातलं एक बॉनेट मिळालं. त्यात एक भोक मी पाडलं, शेजारी एक त्यांनी. त्यांनी पट्टी लावून माझं मोजलं आणि बोटांनी दाखवलं, अर्धा मिलिमीटर चूक.

मी पट्टी घेतली. त्यांचं मोजलं. पाऊण मिलिमीटर.

चहा आला.

*

सुहासच्या ऑफिसातला जोशी पुण्याचा. लॅपटॉपवर चित्र काढून आला. "काका, भोकं मागे, काचेजवळ पाडा. लुक भारी येतो!"

मी म्हटलं, "काचेजवळ हवा दाबून आत शिरते. गरमी बाहेर पडायची तर पुढे, रेडिएटरच्या मागेच."

"पण काका, थिअरी काय आहे?"

थिअरी माझ्याकडे नव्हती. मृणालच्या विणकामाच्या पिशवीतली लाल लोकर घेतली, तुकडे करून चिकटपट्टीने बॉनेटभर लावले आणि गाडी पळवली. काचेजवळचे तुकडे फटीत आत ओढले गेले. पुढचे वर उठून नाचत होते.

"जोशी, लोकर शाळेत गेलेली नाही. तरी तिला कळतं!"

घरी आल्यावर मृणालने पिशवी बघितली. "गाडी विकाल ना, त्या पैशातून आधी माझी लोकर आणायची."

*

कापायचा दिवस ठरला. माझ्या परतीला बारा दिवस उरले होते. मी कटर हातात घेतला, तर ओगाता-सान यांनी तो काढून घेतला आणि मिठाईचे खोके दिले. आवाज होणार, म्हणून आधी शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागायची! आमच्या भोसरीत आधी आवाज, मग भांडण, आणि माफी कोणीच मागत नाही.

चार घरं फिरलो. मी आयुष्यात वाकलो नाही तेवढा त्या सकाळी वाकलो. चौथ्या घरातल्या आजीबाईंनी खोका घेतला आणि किती वाजता सुरू करणार ते विचारलं.

मी सुहासला म्हटलं, "बघ, त्रास होणार म्हातारीला."

अकरा वाजता कटर चालू केला. आजीबाई समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर मिठाई!

*

पुढच्या रविवारी पुन्हा हाकोने. तोच घाट. सुहास गाडी चालवत होता, मृणाल शेजारी, मी मागे. बॉनेटला माझी दोन भोकं, वीतभर लांब, चार बोटं रुंद, कडा गोल घासलेल्या. तिघांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. पहिल्या वळणावर काटा थोडा चढला. सुहासने एसी बंद केला. मी मागच्या सीटवर कटर धरल्यासारखी मूठ आवळून बसलो होतो.

गेल्या वेळी जिथे थांबलो होतो ती जागा आली. गेली.

काटा तिथेच.

वर पोचलो. सुहासने गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मृणाल उतरली. पुढे जाऊन बॉनेटच्या भोकांवर तळहात धरला. गरम हवा भसाभस वर येत होती. मग तिने डिकी उघडली, डबा काढला आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं एकेका भोकावर ठेवली.

पाच मिनिटांनी उलटली.

"बाबा," ती म्हणाली, "भोकं अजून थोडी मोठी पाडायला हवी होती. एका वेळी दोनच बसतात."