स्वेटर घातलेला बर्फ

मी घाटावरची. लग्न होऊन खाली किनारपट्टीवर, तुळिंजला आले तेव्हा आईने लोकरीचा जाडजूड स्वेटर सोबत दिला होता. इकडे कसली आलीय थंडी! डिसेंबरातही पंखा गरगरतो. तो स्वेटर इतकी वर्षं कपाटात पडून होता आणि शेवटी घातला कुणी, तर बर्फाने.

आगाशीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे माझ्या वर्गाला पक्कं ठाऊक आहे. त्या वर्षी सातवीत एक मुलगी नवीन आली. तिची आई बाजारात मासळी विकायची. पोरगी मोठी चुणचुणीत. पहिल्याच आठवड्यात तिने खणखणीत उत्तर दिलं, "बाई, तापवलं की पानी उकळतं." उत्तर बरोबर होतं, पण मी शहाणी! "पाणी म्हण, पाणी," असं सगळ्यांसमोर तीनदा तिच्याकडून वदवून घेतलं. वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. काही विचारलं की नुसती मान हलवायची. मला स्वतःचीच चीड यायची. तिने पुन्हा बोलावं एवढंच मला हवं होतं, पण ते कसं घडवायचं ते काही सुचेना.

मग उष्णतेचा धडा आला. मी दोन ताटल्यांत बर्फाचे सारखे तुकडे ठेवले. एक उघडा, दुसरा स्वेटरमध्ये गुंडाळलेला.

"आधी कुठला वितळेल?"

"स्वेटरमधला!" सगळा वर्ग ओरडला. "गरम कपडा आहे ना, बाई!"

आता यात त्यांची तरी काय चूक? आपण सगळेच 'गरम कपडे' म्हणतो. तिचा हात मात्र खालीच होता. मी तिच्या बाकाजवळ गेले आणि हळूच विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

तिला एकदम राहवलं नाही. "तो नाय वितळनार लवकर. उघड्याचंच आधी पानी होनार. माझी आई बरफ गोनपाटात गुंडाळते ती काय उगाच?"

पुन्हा हशा. तिचा चेहरा पडला. मी टेबलावर डस्टर आपटला. "गप्प बसा! बर्फ काय म्हणतोय ते बघू."

अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. उघड्या तुकड्याचा पार निकाल लागला, ताटलीत तळं साचलं. मी स्वेटर उलगडला. लोकर जराशी ओली झाली होती, आत तुकडा जवळजवळ तस्साच! स्वेटरला स्वतःची उष्णता नसते, तो बाहेरची आत जाऊ देत नाही, हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही. सगळी मुलं माना वळवून तिच्याकडेच बघत होती.

मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडले, "काय गं, झालं का याचं पानी?"

माझ्या तोंडून काय निघालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. ती ताडकन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाई, पाणी म्हणा, पाणी. तीनदा."