घाटावरचा बोर्ड

घाटावरचा 'पोहण्यास सक्त मनाई' हा बोर्ड माझ्यामुळे लागला. दोन महिने मी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. रोज सकाळी सहाला खांद्यावर पंचा टाकून गंगेवर जायचे. गोदावरीला गंगा म्हणायची आम्हा नाशिककरांची जुनी सवय. पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचं, मग पंचवटीतून भाजी घेऊन घरी. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते तेव्हाही यात खंड नव्हता.

त्या वर्षी शेवाळावरून त्यांचा पाय सटकला. गुडघा सोलून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. माझा जीव टांगणीला लागला. पण आमच्या घरात बाबांना 'नको' म्हणायची पद्धतच नाही. आई कधी म्हणाली नाही, आणि मी पन्नाशीची झाले तरी माझी छाती होईना. मी आपली "जपून हं" म्हणायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

शेवटी मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार टाकली. निसरड्या पायऱ्यांचा फोटो आणि खाली दोन ओळी: इथे वयस्कर माणसं पोहतात, एखाद्याचा जीव जाईल. आमच्या गल्लीतलं गटार दोन वर्षं तुंबलंय, तिकडे कुणी फिरकलेलं नाही. हे काम मात्र आठ दिवसांत! बोर्ड आला, गळ्यात शिट्टी अडकवलेला रखवालदारही आला.

त्या दिवशी बाबा कोरडा पंचा घेऊन परत आले. मला वाटलं, आता वॉर्ड ऑफिस डोक्यावर घेतील. तर म्हणाले, "सरकारने मनाई केलीय म्हणजे काहीतरी विचार करूनच केली असणार." आणि पंचा खुंटीला लावला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

पण महिन्याभरात माणूस बसला. गॅलरीत एकच पेपर दोनदा वाचायचे. भाजीला जाणंही सुटलं. गुडघे धरलेत म्हणायला लागले. एकदा जेवताना मला विचारलं, "आज वार कोणता गं?" चाळीस वर्षं हजेरीपत्रक लिहिलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिस गाठलं. म्हटलं, माझी तक्रार मागे घ्यायचीय.

तिथला क्लार्क भला होता. "तक्रार बंद करतो की ताई. पण बोर्ड निघायचा नाही."

"माझ्या एका तक्रारीवर तर लावलात."

"लावायला तेवढं पुरतं. काढायला कुणाची तरी सही लागते. उद्या कुणी बुडालं, की त्या सहीवाल्याला धरतील. तुम्ही देता लिहून, जबाबदारी माझी म्हणून?"

त्याने खरंच कोरा कागद पुढे सरकवला. मी त्या कागदाकडे बघितलं, पर्स उचलली आणि निघाले. रिक्षात मला स्वतःचाच संताप आला. मला जे तोंडाने बोलवत नव्हतं ते मी दुसऱ्याकडून वदवून घेतलं होतं, आणि आता ते माघारी घ्यायचीही माझ्यात धमक नव्हती.

संध्याकाळी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. "बाबा, बोर्ड मीच लावायला लावला."

चहावर साय धरली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"भांडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. पण ऐकलं असतं गं." त्यांनी कप खाली ठेवला. "मी इतके दिवस समजत होतो, मी गेलो काय नि राहिलो काय, घरात कुणाला पडलेलं नाही."

मला रडू आवरेना. त्यांनी साय बोटाने बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला.

सकाळी सहाला खांद्यावर पंचा टाकून ते दारात उभे. "चल. आता काय ते तोंडाने सांग."

घाटावर पोचल्यावर त्यांनी बोर्ड नीट वाचला. "पोहायचं नाही म्हणजे नाही. पायरीवर अंघोळ करीन." मग माझ्याकडे वळले. "उतरू?"

मी शेवाळ बघितलं, त्यांचे गुडघे बघितले.

"घोट्यापर्यंत," मी म्हणाले. "आणि माझा हात धरून."

"घोट्यापर्यंत? मी काय बगळा आहे? कमरेपर्यंत."

"मुळीच नाही! गुडघ्यापर्यंत, बास."

रखवालदार लांबून शिट्टी वाजवत आमच्याकडे यायला लागला. आम्हा दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाशी भांडत होते.