पांढरी पडलेली काच

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांच्याबरोबर रोज सकाळी फिरायला जातो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — निदान मी तसं धरून चाललोय. तरी लिहिता लिहिता वाटतंच आहे, की तुमच्यातला एखादा नगरचा निघेल आणि बरोबर कोणतं हॉस्पिटल ते ओळखेल. म्हणून नाव सांगणार नाही. नगरहून नेवाशाकडे जाताना लागतं, एवढंच. बघा — सुरुवातीलाच लपवाछपवी.

मी सिव्हिल इंजिनिअर. दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेख करणं हा माझा धंदा. पण नगरमध्ये माझी खरी ओळख वेगळी आहे — संशयी माणूस. सिमेंटच्या पोत्यात हात खुपसून ते गार लागतं का बघणार. वाळू बाटलीभर पाण्यात हलवून गाळ किती बसतो ते बघणार. दोन विटा एकमेकींवर आपटून कान देणार. घरीही तेच, भाजीवालीच्या काट्याखाली वाकून बघितल्याशिवाय मी भाजी घेत नाही. बायको म्हणते, "लग्नाआधी मलाही बाटलीत हलवून बघितलं असतंत तुम्ही." मला ते कौतुकच वाटायचं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा पोळलो होतो, बनावट शिक्क्याच्या सळया एका स्लॅबमध्ये गेल्या आणि तो स्लॅब फोडावा लागला. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. कागदावर भरवसा ठेवायचा नाही. सर्टिफिकेट म्हणजे काय? रंगीत झेरॉक्स. माल हातात घ्यायचा आणि स्वतः तपासायचा.

आणि संशयी माणसाचा एक फायदा असतो बरं का — त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी त्याचा पुरेपूर वापर केला.

तर ते हॉस्पिटल. बाळंतपणाचं. डॉक्टर नवरा-बायको, तळमजला आणि वर तीन मजले. पुण्याच्या आर्किटेक्टने प्रत्येक मजल्यावर जिना आणि खोल्या यांच्या मधली भिंत काचेची दाखवली होती. साधी काच नव्हे, आग रोखणारी, चाचणी होऊन प्रमाणित झालेली. कारण उघड आहे. आग लागली की लिफ्ट बंद, माणसं जिन्यानेच उतरणार. त्या जिन्यात आग आणि धूर तासभर तरी शिरता कामा नये. बाळंतीण, पोटाला ओले टाके, हातात तान्हं मूल — तिला उतरायला किती वेळ लागतो? हे मला तेव्हाही कळत होतं. मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

ती काच पुरवायला आली वैशाली नावाची मुलगी. मुलगी म्हणतो, पण तिशीची असेल. जामखेडकडची. नगरमध्ये नवीनच एजन्सी टाकलेली, कंपनीकडून प्रमाणित काच मागवून द्यायची. बोलायला चटपटीत. फाइल व्यवस्थित, त्यात चाचणीचे कागद, प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कोरलेली खूण. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मग मला काय वाटलं असेल? पाणी कुठेतरी मुरतंय, असंच वाटलं. सगळं इतकं नीटनेटकं असतं का कुठे? आणि आता खरं बोलायलाच बसलोय तर हेही सांगतो — जामखेडची एक बाई येऊन मला आगीची काच शिकवणार, हेही त्या संशयात होतं. तेव्हा मी ते स्वतःशीही कबूल केलं नसतं.

मी म्हणालो, कागद राहू द्या, तुकडा आणा. दुसऱ्या एका दुकानातून साध्या टफन काचेचाही तुकडा मागवला, म्हणजे घरोघरी दारांना वापरतात तीच. त्या दिवशी गच्चीवर बबन मिस्त्री वॉटरप्रूफिंगचं डांबरी कापड चिकटवत होता. त्याच्याकडे गॅसचा बर्नर होता. दोन्ही तुकडे विटांना टेकवून उभे केले. डॉक्टर आले, ठेकेदार आला, कामावरची सगळी माणसं भोवती जमली. असल्या परीक्षा बघायला लोकांना आवडतं, आणि घ्यायला मला. वैशाली एका बाजूला हसत उभी होती. तिला खात्री होती.

आधी टफन. ज्योत लागली, काच जशीच्या तशी. आरपार पाण्याची टाकी दिसत होती. मग तिची. थोड्याच वेळात पुढच्या थराला तडा गेला, आत बुडबुडे उठले, आणि काच पांढरी पडत गेली. नासलेल्या दुधासारखी. टाकी दिसेनाशी झाली.

बबन म्हणाला, "आरं तिच्या! ही तर नासली की. ह्यात कायतरी भेसळ हाय, सायेब."

वैशाली त्या काचेकडे बघतच राहिली. तिने तरी काच जळताना कधी पाहिली होती? ती माल आणून देणारी. "सर, मी कंपनीला विचारून सांगते," एवढंच म्हणाली. विचारून सांगते! मला आणखी काय हवं होतं? सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मॅडम, आग लागल्यावर कंपनीला फोन करायचा का?" लोक हसले. डॉक्टर हसले. माझं बोलणं असं जमून गेलं, की मी पुढे बरेच दिवस ते लोकांना सांगत होतो.

त्याच आठवड्यात ती कंपनीच्या माणसाला घेऊन माझ्या ऑफिसला आली. मी खिडकीतून पाहिलं. म्हटलं, आता पढवलेला पोपट आणलाय. ऑफिसातल्या बाईंना खूण केली — साहेब साइटवर गेलेत म्हणून सांगा. ती दोघं बाहेर बराच वेळ बसली. मी आत, पंखाही न लावता, घाम पुसत. काच अजून बसायची होती. दार उघडलं असतं तर त्या माणसाने मला चार वाक्यांत समजावलं असतं. नंतर तिने डॉक्टरांना फोन केला, तो त्यांनी ठेवून दिला. "आमच्या साहेबांशी बोला म्हणालो," असं त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं. आणि मी? इंजिनिअरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या एजन्सीचं नाव घालून लिहिलं — काच टेस्टमध्ये फेल, सावध राहा. खाली अंगठ्यांची रांग लागली. हॉस्पिटलात टफन काच बसली. चारही मजल्यांवर.

पुढच्या वर्षी पुण्यात बांधकामाच्या सामानाचं प्रदर्शन होतं. एका स्टॉलवर छोटी भट्टी लावून आगीची काच दाखवत होते. ज्योत लागली, तडा गेला, बुडबुडे आले, काच पांढरी पडली. मी शेजारच्याला कोपरानं ढोसणार, तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्टॉलवरची बाई अगदी सहज म्हणाली, "पांढरी पडली म्हणजे तिचं काम सुरू झालं." थरांमध्ये भरलेला पदार्थ तापून फुगतो आणि उष्णता अडवून धरतो. तिने मागच्या बाजूला तळहात ठेवून दाखवला. मग टफन काच लावली. त्या काचेने थोडा वेळ तग धरला, आणि सगळी खडीसाखरेसारखी खाली सांडली.

मी काय केलं असेल? त्या बाईवर संशय घेतला. हे लोक एकमेकांना सामील असतील, म्हटलं. घरी येऊन मिळेल ते वाचलं. दुसऱ्या कंपन्यांत फोन केले, स्वतःचं नाव न सांगता. सगळीकडून तेच उत्तर. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, मला तर शुभ्र पांढरं दिसत असूनही कळलं नव्हतं. बबनने जाळली तेवढी ज्योत टफन काचेने सोसली, कारण मी ती वेळेवर बंद करायला सांगितली होती. वैशालीचा तुकडा पांढरा पडेपर्यंत मात्र मी वाट पाहिली. हे मुद्दाम केलं का? मला आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणाऱ्या माणसावर मी एरवी कधी विश्वास ठेवला नसता.

तेव्हा सांगता आलं असतं. एक फोन. डॉक्टरांनी काचा बदलल्या असत्या, चिडले असते, बस्स. मी नाही केला. लोकांनी काय म्हटलं असतं — सगळ्या गावाला चाळणीतून गाळणारा माणूस स्वतःच फसला? त्याची मला लाज वाटली. एवढ्याशा लाजेसाठी. मग कुठे कुठे हॉस्पिटलांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, फायर ऑडिट आलं. अधिकाऱ्याने काचेचं विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "आमचे साहेब जाळून बघितल्याशिवाय काही घेत नाहीत." अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी स्वतः तपासली आहे." त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

वैशालीची एजन्सी बंद पडली. चाकणला कुठल्याशा ऑफिसात नोकरी करते म्हणे. जामखेडला एका लग्नात ती मला दिसली, तिने मला पाहिलं की नाही ठाऊक नाही. मी अक्षता टाकल्या आणि न जेवताच निघालो. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय.

काच अजून तिथेच आहे. उद्या डॉक्टरांना सांगणार आहे, असं मी इथे लिहिणार होतो. पण ते मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ठरवलंय, की तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नये.

आणि जे सांगायचं आहे ते अजून राहिलंच आहे. मागच्या हिवाळ्यात माझी मुलगी मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी दुसरी हॉस्पिटलं सुचवून पाहिली. बायको म्हणाली, "तुम्ही स्वतः पारखून बांधलेलं सोडून दुसरीकडे कशाला?" गेलो. डॉक्टरांनी आमच्यासाठी तिसऱ्या मजल्यावरची सगळ्यात मोठी खोली ठेवली होती. मी म्हणालो, नको, तळमजल्यावरच द्या, हिचे गुडघे दुखतात. बायको माझ्याकडे बघायला लागली, "माझे गुडघे? कधीपासून?" मी तिचा हात दाबला.

तळमजल्यावर दोनच खोल्या. दाराजवळच्या खोलीत पारनेरकडची एक मुलगी होती, नुकतीच बाळंत झालेली, सोबत तिची सासू. माझ्या शब्दाखातर डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या मजल्यावर जायला सांगितलं. सासू कुरकुरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जातो की वर, त्यात काय! बाईंचं गुडघं दुखत्यात म्हनं. आमची पोर तरनी हाय, चढंल हळूहळू."

लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. मी त्यांची पिशवी उचलली. ती बाई नको नको म्हणत होती, पण मी ऐकलं नाही. पुढे ती मुलगी, एक हात कठड्यावर, एक पोटावर. मागे सासू, बाळाला शालीत गुंडाळून. सगळ्यात मागे मी. पहिल्या मजल्यावर मुलीला दम लागला. तिने आधाराला त्या काचेवर हात टेकला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी म्हणालो, "सावकाश. घाई नाही." वर खोलीत पिशवी कॉटखाली ठेवली. सासूने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवू का विचारलं. मी नको म्हणालो.

मग जिना उतरून खाली आलो. मुक्ताची खोली लावून झाली होती. बाहेरचं दार तिथून अगदी जवळ, मी ते दोनदा उघडून पाहिलं. दुपार होती. भिंतीकडेच्या बाकड्यावर जरा आडवा झालो, आणि मला गाढ झोप लागली.