तीन लेखक आणि एक उघाडी

वृंदा टिपणीस बाईंनी रोह्याच्या कॉलेजात तेहतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर छापून आलेले शोधनिबंध किती, तर एकही नाही. कामचुकार म्हणाल तर तसं मुळीच नव्हे. पण एकदा हात पोळला होता. एम.एस्सी.ला असताना वर्षभर खपून काढलेले त्यांचे आकडे त्यांच्या सरांनी परस्पर स्वतःच्या नावावर छापले. "तुझं तर लग्न ठरलंय," सर म्हणाले होते, "तुला काय करायचंय नाव?" वर त्यातला एक आकडा चुकीचा पडला होता. तो दुरुस्त करा म्हणून सांगायला बाई कोण? ज्याचं नाव नाही त्याला विचारतंय कोण! बाईंनी हे दुखणं पुढे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते गेलंही नाही.

आता एकतीस मेला त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी एक तरी निबंध पाठवायचाच असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नंतर नावाखाली लिहायला कॉलेजचा पत्ता उरणार नव्हता. विषय होता खारजमिनीतलं भात. पेणच्या खाडीलगत, डोलवीच्या अलीकडे, बायजाबाई म्हात्र्यांच्या शेतात त्यांनी तीन पावसाळे प्रयोग केला होता. अर्ध्या खाचरांत सुधारित बियाणं आणि अर्ध्यांत बायजाबाईंच्या घरचा राता, म्हणजे त्यांच्या सासूने, चंद्रावतीने, जन्मभर राखलेलं लाल भात. कुठल्या खाचरात काय पेरायचं हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि चिठ्ठी बायजाबाईच उचलायच्या.

निबंध लिहून झाला तेव्हा बाईंना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. कसलं काय! जर्नलला निबंध पाठवणं हे सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घेण्यापेक्षा किचकट निघालं. सारांश अडीचशे शब्दांतच हवा, यांचा दोनशे त्रेसष्ट भरला. फोटो पुरेसे स्पष्ट नाहीत म्हणून परत आले. संदर्भांच्या यादीत स्वल्पविराम कुठे नि पूर्णविराम कुठे, यावर बाईंचे यजमान बाळ टिपणीस लाल पेन घेऊन तीन दिवस बसले. बँकेत हयात गेली होती, त्यामुळे त्यांना या कामात भलतीच गोडी लागली.

शेवटी एक फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं, सर्व लेखकांनी अंतिम मजकूर वाचला असून तो त्यांना मान्य आहे.

लेखक तिघे होते. पहिल्या बाई, दुसऱ्या बायजाबाई, तिसरा प्रविण, बाईंचा जुना विद्यार्थी, जो आता एका विद्यापीठात शिकवतो आणि ज्याने सगळी आकडेमोड केली होती. बायजाबाईंच्या नावाला त्याचा पहिल्यापासून विरोध होता.

"मॅडम, आभार माना ना त्यांचे शेवटी. तशीच पद्धत आहे."

"शेत तिचं, बी तिचं, चिखल तिने तुडवला," बाई म्हणाल्या, "आणि आपण आभार मानून मोकळं व्हायचं?"

"पण त्यांना वाचता कुठे येतं?"

"मला येतं."

आणि खरंच, निवृत्तीला बारा दिवस उरलेले असताना बाई सकाळच्या गाडीने पेणला उतरल्या, तिथून विक्रम रिक्षा धरून खाडीकाठी गेल्या. बायजाबाई पडवीत मांडीवर सूप घेऊन सुका जवळा निवडत होत्या. सदुसष्टाव्या वर्षी नजर अशी की त्यातला खडा बोटाला लागण्याआधी डोळ्यांना दिसे. त्या वृंदाबाईंना "बाई" म्हणायच्या आणि त्याच दमात अगंतुगं करायच्या. बाईंना ते आवडायचं. कॉलेजात त्यांना तू म्हणणारं कुणी नव्हतं.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत सांगायचं. प्रस्तावना झाली, पद्धत झाली. "चिठ्ठ्या माझ्या हातानं उचलल्या त्ये लिवलंस?" एवढं बायजाबाईंनी विचारलं. लिहिलं होतं. मग निष्कर्ष आला.

"दुसऱ्या वर्षी उघाडीकडच्या दोन्ही खाचरांत राता आला होता. तो ऐन फुलोऱ्यावर करपला. उधाणाचं खारं पाणी या बियाण्याला सोसत नाही. सबब शेतकऱ्यांनी ते सोडून सुधारित बी वापरावं."

जवळ्यातले हात थांबले.

"पुन्ना वाच."

बाईंनी पुन्हा वाचलं.

"ह्ये छापून येनार?"

"हो. आकडे तेच सांगतात, बायजाबाई."

बायजाबाई उठून आत गेल्या. तांब्या घेऊन आल्या, बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि खाली बसल्या. पण सूप काही पुन्हा मांडीवर घेतलं नाही.

"नाय गो बाई. भात नाय चुकला. मी चुकले."

मग त्यांनी सांगितलं. उघाडी म्हणजे खारबांधातली मोरी. भरती आली की तिच्या फळ्या पाडायच्या, ओहोटीला वर घ्यायच्या. ते काम बायजाबाईंचं. त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येच्या उधाणाला त्यांच्या लेकाला, निकेशला, डेंग्यू झाला. कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून घरी आला तो तापाने फणफणलेला. त्याला पेणच्या दवाखान्यात ठेवला आणि बायजाबाई चार दिवस त्याच्या खाटेखाली जमिनीवर होत्या. फळ्या वरच राहिल्या.

"चार दिस खाडी शेतात उभी व्हती. चार दिसांत तुजं त्ये सुधारित पन मेलं असतं. राता तरी दोन दिस हिरवा व्हता, शेजारनीनं बघितलाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू आलीस, चिखलात बसलीस, एकेक कनीस मोजलंस. तुज्या डोल्यांत पानी व्हतं. मना सांगवलं नाय गो. वाटलं, तू म्हनशील, हिच्यावर भरवसा टाकला नि हिनं घात केला. पन सासूच्या भाताला नाव ठेवलेलं मना आयकवत नाय. ती असती तर तिनं मना उभी नसती केली दारात."

बाईंना राग आला नाही असं नाही. आला. तीन वर्षांची मेहनत, बारा दिवस हातात, आणि आता हे! पण राग जितक्या झपाट्याने आला तितक्याच झपाट्याने त्यांना घाम फुटला. बायजाबाईंचे नुसते आभार मानले असते तर हे त्यांना वाचून कुणी दाखवलं असतं? खोटं छापलं गेलं असतं, तेही साभार.

परतीच्या गाडीत त्यांनी जुनी वही उघडली. दर अमावस्येला शेतावर जायचं असं त्यांनी स्वतःच्याच हाताने पहिल्या पानावर लिहिलं होतं. त्या सर्वपित्रीला त्या गेल्या नव्हत्या. कॉलेजात कसलीतरी समिती आली होती आणि प्राचार्यांनी सोडलं नव्हतं. दहा दिवसांनी गेल्या, कणसं मोजली आणि आल्या. ज्या घरातलं पोर नुकतंच दवाखान्यातून आलं होतं त्या घराच्या पडवीत बसून चहा प्यायल्या, आणि काय झालं म्हणून विचारलंही नाही. बाईंना स्वतःची लाज वाटली.

प्रविणने फोनवर कपाळाला हात लावला असावा, निदान आवाज तसा होता.

"मॅडम, राहू द्या ना. कोण बघायला येतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. ही खाचरं काढली तर निबंधात उरतं काय?"

"उरेल ते खरं उरेल."

"मोठा निष्कर्षच जातोय."

"जाऊ दे रे. तो आपला नव्हताच."

आठ दिवस बाई, बाळराव आणि फोनवर कुरकुरत का होईना, प्रविण बसले. दोन खाचरांचे आकडे हिशेबातून काढले, तक्ते नव्याने केले. राता वाईट हे वाक्य गेलं. राता उत्तम असंही लिहिता येईना. तेवढा पुरावा नव्हता. "दोन्ही बियाण्यांत सांगण्यासारखा फरक आढळला नाही," असं पुळचट वाक्य उरलं. बाळरावांनी लाल पेन खाली ठेवून म्हटलं, "वृंदा, निबंध बारीक झाला, पण तब्येतीने बरा आहे." एकोणतीस तारखेला निबंध पाठवला.

पण पाठवला म्हणजे सुटलं असं नव्हतं. प्रत्येक लेखकाला जर्नलकडून मेल जातो, त्यात 'मान्य आहे'चं बटण दाबावं लागतं. बायजाबाईंचा मेलचा पत्ता निकेशने स्वतःच्या मोबाइलवर काढून दिला होता. प्रविणने पाच मिनिटांत बटण दाबलं, बाईंनी त्याच्याही आधी. बायजाबाईंचं येईना. तीस तारीख गेली. एकतीसला कॉलेजात निरोपसमारंभ, शाल, श्रीफळ, भाषणं, आणि बाईंचं लक्ष पर्समधल्या मोबाइलवर. दुपारी त्यांनी न राहवून फोन लावला.

"बायजाबाई, बटण राहिलंय ना."

"नाय दाबलं. निकेशची दोन दिस सेकंड शिफ्ट व्हती. आता आलाय, वाचतोय नि सांगतोय मना. सगलं आयकल्याबिगर हो कशी म्हनू? तूच बोलली व्हतीस ना, आयकायचं नि मंग हो म्हनायचं."

बाईंनी फोन ठेवला. त्या रिकाम्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून राहिल्या. पाऊण तासाने फोन वाजला.

"बाई, ह्यात निकेश काय वाचतो म्हायती हाय? म्हनतो, 'दुसऱ्या वर्षी लेखकांकडून उघाडी वेळेवर बंद झाली नाही.' लेखकांकडून म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही, मी आणि प्रविण."

"तू तं तवा रोह्याला व्हतीस."

"हो. तिथं असायला हवं होतं, नव्हते. दर अमावस्येला येईन म्हटलं होतं. आणि नंतर आले तेव्हा भाताची चौकशी केली, तुमची केली नाही."

बायजाबाईंचा आवाज आला, अगदी हळू, जवळ कुणी झोपलंय तसा.

"दोन पावसाले मी ह्ये एकलीच घेऊन बसलेली गो."

"ठाऊक आहे."

"निकेशला पन सांगलं नव्हतं. त्याला वाटलं असतं, त्याच्या पायी झालं."

पलीकडे बायजाबाईंनी नाक ओढलं, आणि तोंड फोनपासून वळवून लेकाला म्हणाल्या, "दाब रं आता. तिघांचं हाय म्हनते बाई."